२००९ ची बोलेरो, घरचे पान्हे आणि स्वस्तातले पार्ट : काय टिकलं, काय नडलं

आमची बोलेरो २००९ ची, २५२३ सीसीचं डीआय टर्बो इंजिन, एमएच ०९ पासिंग, रनिंग आज सकाळी बघितलं तर २ लाख ७१ हजार आणि वर काहीतरी. आबांनी घेतलेली गाडी, आता माझ्याकडं आहे. नर्सरीची रोपं, खताची पोती, जोतिबाला जाताना नऊ-दहा माणसं, एकदा तर रेडकू, असं सगळं तिनं ओढलंय. २०२४ ला पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा घरात सभाच भरली, कारण पंधरा वर्षांनंतर परत पासिंग करायची फी पूर्वी ६०० होती ती १ एप्रिल २०२२ पासून ५००० झालीय, वर ग्रीन टॅक्स वेगळा, शिवाय फिटनेसला गाडी नीट पाहिजे. बायको म्हणाली विका. आबा काहीच बोलले नाहीत, नुसते उठून बाहेर गेले आणि गाडीच्या बॉनेटवरची धूळ पुसत बसले. मग काय, पासिंग केलं.

पासिंगच्या आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला गाडी दाखवली होती, त्यांनी ४१ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मी ते घरी आणून नीट वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्यात एक शब्द सारखा येतोय, असेंब्ली. डायनामो (म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) असेंब्ली, व्हील सिलिंडर असेंब्ली, वायपर लिंकेज असेंब्ली. म्हणजे खोलून बघायचं काय नाही, अख्खं काढायचं आणि अख्खं नवं लावायचं. त्यांचंही बरोबर असेल, त्यांना वॉरंटी द्यावी लागते, तासाचा हिशोब असतो. पण ही गाडी ज्या जमान्यातली आहे त्या जमान्यात असेंब्ली खोलता यायची, आतलं वायसर (वॉशर), सील, कार्बन (ब्रश) सगळं सुटं मिळायचं आणि अजूनही मिळतं, फक्त मागायला पाहिजे. तर दीड वर्षात मी घरी काय काय खोललं, कुठला स्वस्त पार्ट चालला आणि कुठल्यानं तोंडचं पाणी पळवलं ते लिहितोय. मी मिस्त्री नाही, शेतकरी माणूस आहे, हे धरूनच वाचा.

आधी पान्ह्यांचं सांगतो कारण तिथं पैसे वाचवायला गेलो आणि फसलो. बाजारात चारशे रुपयाला चाळीस गोट्यांची (सॉकेटची) पेटी मिळते, रंगीत, चकचकीत. त्यातल्या १७ च्या गोटीनं पहिल्याच घट्ट बोल्टाला स्वतःचं तोंड पसरलं आणि बोल्टाचे कोपरे खाल्ले ते वेगळंच, मग तो बोल्ट काढायला छिन्नी-हातोडा घेऊन अर्धा दिवस गेला. त्यानंतर टपारियाचा रिंग पान्ह्यांचा सेट आणि लागतील तेवढ्या सुट्या गोट्या घेतल्या. एक गंमत सांगतो, टपारियाचा कारखाना नाशिकला सातपूरला, बोलेरो बनते ती पण नाशिकला आणि बॉशचा नोझल-इंजेक्टरचा, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या पार्टांचा कारखानाही तिथंच, बॉशचं जुनं नाव मायको, म्हणून नाशिककर अजून त्या चौकाला मायको सर्कल म्हणतात. म्हणजे गाडी, गाडीतलं नोझल आणि ते खोलायचा पान्हा, तिघंही एकाच गावची भावकी.

आणि जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. नुसत्या जॅकवर कधीच नाही. मी बाभळीचे दोन ठोकळे कापून घेतलेत, चाक काढलं की ठोकळा चासीखाली, काढलेलं चाक पण आडवं करून खाली सरकवायचं, मगच डोकं आत घालायचं. दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड, हँडब्रेकवर भरवसा नाही.

आता पार्टांचं. कंपनीच्या डब्यातला पार्ट आणि बाहेरचा पार्ट असे दोनच प्रकार असतात असं मला पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात तीन असतात. गाडी बनवणारी कंपनी स्वतः डायनामो बनवत नाही, शॉकअप बनवत नाही, फिल्टर बनवत नाही, ते सगळं दुसऱ्यांकडून येतं. ते दुसरे तोच किंवा त्याच्या तोडीचा माल स्वतःच्या डब्यात घालूनही विकतात, आणि तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. तिसरा प्रकार म्हणजे ज्याच्यावर नाव भलतंच असतं किंवा ओळखीच्या नावातलं एखादं अक्षर इकडचं तिकडं असतं. माझी सगळी बचत मधल्या प्रकारात झाली आणि सगळी फजिती तिसऱ्यात. मधला प्रकार ओळखायचा कसा तर सोपं आहे, जुना पार्ट काढला की रॉकेलनं धुवायचा आणि त्याच्यावर काय कोरलंय ते वाचायचं. आमच्या डायनामोवर लुकास टीव्हीएस लिहिलेलं निघालं. झालं, दुकानात जाऊन त्याच नावाचं मागायचं. शॉकअप मी गॅब्रिएलचे टाकले, चाकणचा माल, पुढचे दोन, वर्ष झालं, तेल गळलेलं नाही. डिझेल फिल्टर बॉशचा, एअर फिल्टर आता प्युरोलेटरचा, आता का म्हणतोय ते पुढं येईल.

आणि बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ऑटो पार्टवर सरसकट १८ टक्के जीएसटी झालाय, आधी काही पार्टांना २८ होता, त्यामुळं बिलाशिवाय घेऊन फार काही वाचतंय अशातला भाग नाही, आणि पार्ट चुकीचा निघाला तर कच्च्या चिठ्ठीवर कोण परत घेत नाही. बोलेरोत तर चुकीचा निघण्याची शक्यता जास्त, कारण एसएलई, एसएलएक्स, प्लस, कॅम्पर असे शंभर अवतार आणि सालागणिक फरक. ऑनलाइन मागवताना मी फोटो बघून एक होज मागवला तो दोन बोटं आखूड निघाला. तेव्हापासून आरसीवरचा चासी नंबर सांगितल्याशिवाय काही मागवत नाही, शक्यतो जुना पार्ट पिशवीत घालून दुकानातच जातो.

आता मुख्य रामायण, डायनामोचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पेट्रोल गाडीला ब्रेकच्या बूस्टरसाठी (ब्रेकचा पाय हलका करतो तो डबा) लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो, डिझेलला तसा मिळत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आमच्या गाडीत तो पंप डायनामोच्या पाठीवर बसलेला असतो, एकाच शाफ्टवर. त्याला इंजिनातून बारीक पाइपनं ऑइल येतं आणि जाड रबरी पाइपनं परत इंजिनच्या ऑइल चेंबरमध्ये जातं. दोघांच्या मध्ये एक ऑइल सील असतं, पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. ते सील कडक झालं की ऑइल डायनामोत शिरतं, कार्बन भिजतात, चार्जिंग कमी होतं. आमच्या गाडीची बॅटरीची लाल लाइट आधी मिणमिणायची, मग रेस केली की विझायची, मग रेस करूनही विझेना. डायनामोच्या बुडाला काळं तेल थेंबथेंब. सर्व्हिस सेंटरच्या कागदावर ह्याचीच किंमत साडेनऊ हजार लिहिलेली.

मी बॅटरीची निगेटिव्ह काढली, हे पहिलं काम, विसरू नका, डायनामोच्या जाड वायरमध्ये कायम करंट असतो. बेल्ट सैल केला, ऑइलचा बारीक पाइप सोडला, मागचा रबरी पाइप काढला, त्यातून सांडलेलं ऑइल नेमकं माझ्या बाहीत गेलं. खाली घेतलेला डायनामो घेऊन उद्यमनगरला गेलो. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे लेथ, ग्राइंडिंग, फाउंड्री, वायंडिंग, जे म्हणाल ते एका चौकोनात, तिथं तुटलेली वस्तू घेऊन गेलेला माणूस तिची बहीण घेऊनच परत येतो. डायनामोवाल्या मामांनी तो हातात घेतला, शाफ्ट फिरवला, कान लावला.

“बेरिंग दोन्ही गेल्यात. बाकी आर्मेचर ठणठणीत हाय. कोण म्हणलं नवा घ्या?”

मी सांगितलं कोण म्हणालं.

“त्यांचं बी पोट हाय की,” एवढंच बोलले.

बेरिंग दोन एसकेएफच्या, कार्बनचा सेट, सील आणि पंपाची पाती व ओ-रिंगचं किट, मजुरी धरून १९४० रुपये झाले. पंप मात्र मी स्वतः त्यांच्यासमोर बसून जोडला, त्यांनी करू दिलं ही त्यांची मेहेरबानी. आतली पाती जुनी काढली तर कडा झिजून एका बाजूनं धार आलेली. नवी घालताना गोलसर कड बाहेरच्या भिंतीकडं येते, उलटी घातली तर पंप ओढत नाही, हे मामांनी माझ्या हातावर चापट मारून शिकवलं. जोडताना आत थोडं ऑइल सोडायचं, कोरडं फिरवायचं नाही.

इथपर्यंत सगळं छान. आणि मग मी शहाणपणा केला. व्हॅक्यूम पंपापासून बूस्टरपर्यंत जाणारा रबरी होज जुना झाला होता, वरून भेगा पडलेल्या. म्हटलं हा पण बदलूया. मूळ होज दुकानात नव्हता, मागवावा लागेल म्हणाले. शेजारच्या दुकानातून मीटरवर मिळणारा त्याच मापाचा रबरी पाइप घेतला, ७० रुपये, मस्त बसला, दोन्हीकडं क्लिप मारल्या, ब्रेक एकदम लोण्यासारखा. दोन आठवडे मी गल्लीत सगळ्यांना सांगत होतो की साडेनऊ हजाराचं काम दोन हजारात केलं.

तिसऱ्या आठवड्यात रत्नागिरीला कलमं पोचवायची होती. आंबा घाट उतरताना अर्ध्यात ब्रेकचा पाय दगड झाला. म्हणजे ब्रेक गेला असं नाही, लागत होता, पण पूर्ण जोर लावून उभं राहिल्यासारखं दाबलं तर कुठं गाडी जरा आवरायची. मागं कलमांचं वजन, डावीकडं दरी. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली, मग पहिल्या, इंजिनवरच धरली आणि पहिल्या मोकळ्या जागेत कडेला घेतली. हात थरथरत होते. बॉनेट उघडलं, सगळं जागेवर, पाइप निघालेला नाही, क्लिप घट्ट. अर्धा तास थांबून परत चालू केली तर ब्रेक पहिल्यासारखा लोणी. आता बोला. पहिल्या गिअरमध्येच रांगत साखरप्याला उतरलो.

घरी आल्यावर दोन दिवस सापडेना. शेवटी आबांना आत बसवलं, गाडी चांगली गरम होईपर्यंत चालू ठेवली आणि मी बॉनेटपाशी टॉर्च घेऊन उभा. पंचवीस-तीस मिनिटांनी बघतो तर तो ७० रुपयांचा पाइप वळणावर संपलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा चपटा झालेला. आतून व्हॅक्यूम ओढतोय, बाहेरून इंजिनची धग, आणि पाइप होता पाण्याचा, आत धागा नावाला. गार झाला की परत गोल, म्हणून घाटात दिसला नाही. पाण्याचा पाइप आतून बाहेर दाब सोसायला बनवलेला असतो, बाहेरून आत दाब आला की तो मान टाकतो. मग मूळ होज मागवला, ३८० रुपये, चार दिवस गाडी उभी. तीच गोष्ट ऑइलच्या परतीच्या पाइपची, तिथं पण साधं रबर घालू नका, ऑइलनं ते फुगतं, मऊ पडतं, क्लिपमधून सटकतं, आणि इंजिनमधलं ऑइल रस्त्यावर. ऑइलला चालणारं रबर म्हणूनच मागून घ्या.

बूस्टर काम करतोय का हे बघायची एक साधी रीत आहे, घाटात जायच्या आधी मी आता दर वेळी करतो. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पायाखाली कडक झाला की तसाच दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. इंजिन चालू झालं की पाय थोडा आपोआप खाली गेला पाहिजे. नाही गेला तर घरीच थांबा. आणि हे गरम गाडीवर पण करा, गारवर माझा तो चपटा पाइप पण पास झाला असता.

ब्रेकचं आलंच आहे तर मागच्या ड्रममधल्या व्हील सिलिंडरचंही सांगून टाकतो. डाव्या चाकाच्या आतून फ्लुइड पाझरत होतं. असेंब्लीऐवजी रबरी कपांचं किट मिळतं, शंभर-सव्वाशेत दोन्ही चाकांचं. किट चालतं, पण सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा, खड्डे लागले तर किट घालून काही उपयोग नाही, महिन्यात परत पाझरणार. माझा उजवा गुळगुळीत होता, त्याला किट घातलं, डाव्यात गंजाचे खड्डे होते, तो सरळ नवा घेतला. धुवायला फक्त ब्रेक फ्लुइड किंवा स्पिरिट, डिझेल-पेट्रोलनं धुतलं की ते रबर फुगून बसतं, मग ब्रेक लागलेला सुटत नाही. शेवटी ब्रेकच्या लाइनमधली एअर काढताना दोघं लागतात, एक ब्रेक दाबायला आणि एक चाकापाशी एअरचा स्क्रू उघड-बंद करायला. बायकोला सीटवर बसवलं.

“दाब. अजून दाब. धरून ठेव.”

“धरलाय.”

“सोड आता. सोड म्हणतोय ना.”

“अहो, तुम्ही सोड म्हणालात की स्क्रू आधी बंद करायचा असतो ना? तुम्हीच मगाशी सांगितलं.”

तिचं बरोबर होतं. स्क्रू उघडा असताना पाय सोडला की हवा परत आत. पुढचे डिस्कपॅड मात्र मी एकदाच तिसऱ्या प्रकारातले घातले होते, ३५० रुपयांत जोडी, डिस्कला चरे पाडले आणि आवाज असा की गाडी वळणावर असतानाच घरात चहा ठेवायचे. ब्रेक आणि स्टिअरिंगचे बॉलजॉइंट, टायरॉड ह्यात मी आता नावाशिवाय काही घेत नाही. राणे, ब्रेक्स इंडिया असलं काहीतरी ओळखीचं पाहिजे.

डिझेल फिल्टर घरी बदलायला एकदम सोपा, लोक उगाच घाबरतात. त्यात खरी अडचण फिल्टरची नाही, एअरची. फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि गाडी चालू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते, मग लोक सेल्फ मारमारून बॅटरी झोपवतात. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीडिंगचा स्क्रू सैल करायचा, हातपंप दाबत राहायचा, आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की स्क्रू आवळायचा. माझी गाडी ह्यानंतरही सकाळी सकाळी एअर घ्यायची. लाइनचा पाइप बदला, फीड पंप बदला असे सल्ले मिळाले. निघालं काय, तर पाइपच्या बोल्टाखालची तांब्याची वायसर. ती एकदा दाबली गेली की कडक होते, परत लावली की नीट बसत नाही, केसाएवढ्या फटीतून हवा ओढते. नवी वायसर पाच-दहा रुपयांची, तीच टाका. रविवारी दुकान बंद असेल तर जुनीच गॅसवर चिमट्यात धरून लाल करायची आणि पाण्यात टाकायची, तांबं परत मऊ होतं. पोलादाचं उलट असतं, ते असं केलं की कडक होतं, तांब्याचं नाही. हे मी चहाच्या बर्नरवर केलं आणि त्यानंतर आठवडाभर चहाला डिझेलचा वास येतोय असं घरात ऐकून घेतलं, येत नव्हता.

एअर फिल्टर. इथं मी १६० रुपयांचा घेतला होता, नावाचा सव्वाचारशेला होता. दिसायला सारखाच, कागदाच्या घड्या थोड्या कमी, काठाचं रबर जरा कडक. आमच्याकडं उसाच्या वाटा, फुफाटा नुसता. दोन महिन्यांनी सहज म्हणून फिल्टरच्या पलीकडचा, म्हणजे इंजिनकडं जाणारा पाइप काढला आणि आतून पांढरं फडकं फिरवलं. फडकं तांबडं. तो बारीक मुरूम सरळ टर्बोत आणि सिलिंडरात चालला होता. काठाचं रबर बसतच नव्हतं, हवा कागदातून न जाता कडेनं शॉर्टकट मारत होती. अडीचशे रुपये वाचवायला मी रिंगपिस्टन पणाला लावलेले. पांढऱ्या फडक्याची ही चाचणी कुठल्याही गाडीला करता येते, फिल्टर कुणाच्याही नावाचा असो.

ज्यात डोळे झाकून स्वस्त घ्यावं असं पण बरंच आहे. दाराची हँडलं, काच फिरवायचं हँडल, आरसे, मडफ्लॅप, मागच्या लाइटच्या काचा, वायपरचे रबर. हँडल तर मी ऐंशी रुपयाची चार घेऊन ठेवलीत, एक तुटलं की दुसरं. दाराचा पत्रा, काचा, सीट असलं भंगारबाजारातून आणलं तरी काय बिघडत नाही. मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश रबराचे साधेच घातले, सव्वा वर्षं झालं, ठीक आहेत. कुणीतरी पॉलियुरेथेनचे सांगितले होते, ते टिकतात पण आवाज करतात म्हणे, मी त्या वाटेला गेलो नाही. पाटे वाजायला लागले की जुनं इंजिन ऑइल फासायची आपल्याकडं पद्धत आहे, आवाज जातो खरा, पण तेच ऑइल बुशचं रबर खातं. जुनं ऑइल आबा गोठ्याच्या लाकडांना वाळवीसाठी लावतात, ते बरं.

थर्मोस्टॅटवर माझं मिस्त्रीशी भांडण झालं. गाडी गरम होते म्हटलं की आपल्याकडं पहिला उपाय, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडप, काढून फेक. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो नसतोच, मालकाला माहीत पण नसतं. काढल्यावर काटा वर जात नाही म्हणून सगळे खूश, पण इंजिन गरमच होत नाही नीट, सकाळी पांढरा धूर, डिझेल जास्त खातं, झीज वाढते. मी आमच्यात बघितला तर तोही रिकामाच, आधीच्या कुणीतरी काढलेला. नवा आणला, लावायच्या आधी पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला, त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तोंड उघडलं, मगच बसवला. आणि गाडी गरम व्हायचं खरं कारण निघालं रेडिएटर. आमच्या बोअरचं पाणी जड, पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत. आता कूलंट आणि बॅटरीचं पाणी, दुसरं काही नाही. वर्षाला पाच-सहाशे जातात, जाऊ देत.

ऑइलबद्दल थोडक्यात. सुटं, ड्रममधलं घेऊ नका, आणि डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोकं पाडूनच भंगारात द्या, नाहीतर तोच डबा दुसरं काहीतरी पोटात घालून परत आपल्याचकडं येतो. एक दुकानदार मला तीस टक्के कमी भावात सीलबंद डबा देत होता, सील बघितलं तर झाकणाची कडी एका बाजूनं गरम करून चिकटवलेली. काही बोललो नाही, निघून आलो.

जे घरी खोललं नाही आणि खोलणारही नाही ते म्हणजे डिझेलचा पंप आणि नोझल. काळा धूर आणि गार असताना टकटक सुरू झाली तेव्हा मोह झाला होता, व्हिडिओ पण बघितले. पण नोझलचा फवारा ज्या दाबानं निघतो तो कातडीतून आत जातो, बोट समोर धरलं तर गंमत नाही, थेट दवाखाना. आणि पंपाचं सेटिंग मशीनवरच होतं, कानानं होत नाही, कुणी कितीही म्हणो. नोझल मात्र काढून मीच नेले, काढताना जाग्यांना चिंध्या कोंबल्या की आत काही पडायला नको. टेस्टिंगला चारपैकी दोन बरे निघाले, एक थेंब सोडत होता, एकाचा फवारा वाकडा. बदलले दोनच. तो पंपवाला चारही बदलायला सांगू शकला असता, मला काय कळणार होतं. तिथं नवं नोझल मायकोचंच म्हणून मागतात अजून, कंपनीचं नाव २००८ ला बॉश झालं तरी.

हिशोब विचाराल तर ४१ हजारांच्या त्या कागदातली जवळजवळ सगळी कामं झाली, माझे दीड वर्षात साधारण साडेपंधरा हजार गेले, त्यात चुकीच्या पार्टांचे अठराशे आणि नंतर घेतलेल्या पान्ह्यांचे साडेतीन हजार धरलेत. माझ्या रविवारांचे धरलेले नाहीत. ज्याला रविवार मोकळा हवा असेल किंवा ज्याची गाडी रोज भाड्यावर चालते त्यानं ह्यात पडू नये, गाडी उभी राहिली की त्याचं भाडं बुडतं. आणि कॉमनरेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या नव्या गाड्यांना ह्यातलं निम्मं लागू नाही, तिथं स्कॅनर लावल्याशिवाय दाराबाहेर पण निघता येत नाही.

एक काम राहिलंय. क्लचच्या बाजूनं ऑइल येतंय, इंजिनच्या मागच्या सीलचं. सील स्वतः स्वस्त आहे, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, आणि गिअरबॉक्स उतरवायला माझे बाभळीचे ठोकळे पुरणार नाहीत. सध्या रात्री गाडीखाली खोक्याचा पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी आबा डाग बघतात. कालचा रुपयाएवढा होता. वाटीएवढा झाला की उद्यमनगर.